मुलगा केवढ्याला दिला?

ऑर्गन टीचर मयताला न बोलावता जायच्या. लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी आलं, की मात्र वरमाईला ओट्यावरच थांबवून आधी एक प्रश्न विचारायच्या, "मुलगा केवढ्याला दिला?" वरमाईच्या हातातल्या ताटात साडी, केळी, पानसुपारी, मोगऱ्याचा गजरा, आणि समोरून हा प्रश्न. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू फुटलं होतं. आज लिहिताना हसू येत नाही. राग येतो, आणि तो टीचरचा नाही.

त्यांना नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी वापरलं नाही. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन. आपल्या नाटकमंडळ्यांतली पायपेटी असायची ना, तिचीच थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि मनगटावर पुरुषाचं घड्याळ. ते वडिलांचं होतं. उपदेश लांबला की त्या घड्याळाला किल्ली द्यायच्या. तो आवाज पास्टरांपर्यंत बरोबर पोचायचा.

हे सगळं तंजावूरचं. आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत, मराठी घरांच्या रांगेत. पिढ्यान् पिढ्या तिथं काढून आमची मराठी अशी झाली होती की स्वयंपाकघरातली निम्मी भांडी तमिळ नावानं हाक मारल्याशिवाय फळीवरून खाली येत नसत. मी देवनागरी लिहायला शिकलो ते नोकरीत सोलापूरला बदली झाल्यावर, चाळिशीत. म्हणून टीचरबद्दल इतकी वर्षं लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. तमिळ मला उत्तम लिहिता येत होतं.

टीचरकडे, चर्चमध्ये, मी गेलो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. मला लग्नसमारंभांत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात शिरायचं होतं, आणि तिथं पाश्चात्त्य पद्धतीनं लिहिलेले सूर वाचता येणारा माणूस हवा होता. तंजावूरच्या तमिळ माणसांच्या लेखी मराठी घरातला प्रत्येक जण 'रायर'. टीचरनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "काय रायर, राजवाड्याला टेकून राहता, आणि चपलेला सुतळी?" माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी तो हिरव्या सुतळीनं बांधला होता. "ती बाहेर काढ आणि आत ये. फी नाही. दर शनिवारी ऑर्गनच्या मागं बसून भाता पुसायचा. उंदीर मी सांगितलं तर ऐकत नाहीत, तुझं ऐकतात का बघू."

शिकवताना त्या बोलायच्या कमी आणि पेन्सिलीनं बोटांवर मारायच्या जास्त. पण सूर चुकला म्हणून त्यांनी मला कधी मारलं नाही. मार मिळायचा तो कागदावर थांबायची खूण असताना थांबलो नाही की. "हात उचल!" त्या ओरडायच्या. "दाबायला माकडालाही येतं. उचलायचा कधी, ते शिकायला आलायस तू." हे वाक्य मी किती शनिवार ऐकलं याला हिशेब नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो. मी पाहिलेली पहिली वरमाई नवऱ्या मुलाला मोटरसायकल घेत होती. ती म्हणाली, "देवाशपथ टीचर, आम्ही तोंड उघडलं नाही. ते आपणहून देतायत."

"आपणहून?"

"अगदी खुशीनं."

"मग परत दिलीत तर रागावतील का?"

बाईनं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"विचारून या. रागावले तर मी वाजवते."

बाई परत आलीच नाही. लग्नाच्या दिवशी टीचर ठरलेल्या वेळी आल्या, ऑर्गनच्या स्टुलावर ताठ बसल्या, झाकण उघडलंच नाही. नवरी वेदीकडे चालू लागली आणि सगळ्या चर्चमध्ये फक्त पंख्यांची करकर. लोक खोकायला लागले. एका पोरानं मोठ्यानं विचारलं, "अम्मा, पाट्टु कुठाय?" गाणं कुठाय. तेवढं एक वाक्य पुरलं. त्या मोटरसायकलला गावानं नाव ठेवलं 'ऊमै वंडी', मुकी गाडी. पेट्रोलपंपावरचा पोऱ्यासुद्धा विचारायचा, "अण्णा, मुक्या गाडीत किती टाकू?" महिन्याभरात ती गाडी सासऱ्याच्या दारात परत उभी राहिली.

लोक म्हणाले, म्हातारी विक्षिप्त आहे. मला मात्र ऑर्गनमागं बसून दिसत होतं की हळूहळू काय घडतंय. मुलींचे बाप संध्याकाळी टीचरच्या ओट्यावर येऊ लागले. कुणी रेल्वेतला, कुणी शिंपी, कुणी शाळेतला शिपाई. खांद्यावरचा पंचा चुरगाळत म्हणायचे, "टीचर, मी सांगितलं असं कळू देऊ नका, पण मुलाकडचे फ्रीज मागतायत." टीचर म्हणायच्या, "माझ्या नावावर ढकला. म्हणावं, आम्ही एका पायावर तयार आहोत, पण ती खवट बाई ऑर्गन बंद ठेवील आणि तुमचीच शोभा होईल." मुलीच्या बापाला 'नाही' म्हणायची सोय आपल्या समाजानं ठेवलेली नाही. टीचरनी ती ठेवली होती. स्वतःच्या अंगावर घेऊन ठेवली होती. धर्माचं घर गावाला नेमकं काय देऊ शकतं असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन. दुबळ्या माणसाला पुढं करता येईल अशी एक सबब. भिंतीसारखी मजबूत सबब.

पास्टर भला माणूस होता. भली माणसं असतात तसा. एकदा ते टीचरना म्हणाले, "टीचर, प्रभूनं मनं जिंकली. आपणही मनंच जिंकायची." टीचर म्हणाल्या, "ऐया, तुम्ही मनं जिंका. तोवर मी झाकण लावून बसते. दोघं मिळून काहीतरी होईल."

आम्हा लोकांनाही त्या सोडत नसत. आमच्या लग्नांत ताळी बांधताना, मंगळसूत्राच्या त्या क्षणी, नागस्वर आणि तविल एकदम कानठळ्या बसतील असे वाजवतात. टीचरनी मला विचारलं, "इतक्या जोरात का रे?" मी आजोबांचं उत्तर दिलं, की कुणाचा अशुभ शब्द कानावर पडू नये म्हणून. "अशुभ शब्द म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मुलीनं 'नको' म्हटलं तर तो?" मी चिडलो. आमच्यात हुंडा नसतो, असं ठणकावून सांगितलं. आमच्यात खरंच कुणी हुंडा म्हणत नाही. 'तुमच्या मुलीला तुम्ही काय घालाल ते घाला,' म्हणतात, आणि मग काय घातलं ते दिवाणखान्यात मांडून पाहुण्यांना दाखवतात. त्या सभ्यपणाची मला आज शिसारी येते. तेव्हा तो माझ्याही तोंडात होता.

त्याच वर्षांत काळ पालटला. दक्षिणेकडच्या रस्त्यावर काचेची दुकानं आली, घरोघरी रंगीत टीव्ही आले, छपरांवर केबलच्या तारा आल्या. पूर्वी मागायची लाज वाटायची अशा वस्तूंच्या आता जाहिराती लागत. ज्याच्या मुलाला मद्रासला परदेशी कंपनीत नोकरी लागली, तो बाप रस्त्याच्या मधोमध चालायला लागला. आमच्या गल्लीतलं असो की चर्चमधलं, फरक नव्हता. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी त्यातलेच. निवृत्त सरकारी अधिकारी, पांढरी पँट, पांढरा शर्ट, बोलणं मधाळ. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं एस्तरशी.

एस्तर पापनाशमची. वडील तिथल्या स्टेशनात पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, निवृत्तीला आलेले. ती टीचरच्या शाळेच्या वसतिगृहात वाढली, टीचरच्याच गायकवृंदात गायची. तिचा आवाज खालच्या पट्टीचा. त्याच्यावर बाकीचे आवाज निवांत टेकून उभे राहायचे. सेक्रेटरींनी मोटार मागितली होती. अर्थात मागितली नव्हती. "मुलाला मद्रासमध्ये फिरायला अडचण होते," एवढंच म्हणाले होते. पॉइंट्समननं आयुष्यभराचा फंड काढायचं कबूल केलं.

एका शनिवारी एस्तर चर्चमध्ये आली. मी नेहमीसारखा ऑर्गनच्या मागं, हातात फडकं. टीचर स्टुलावर. एस्तर बसली नाही.

"टीचर, माझ्या लग्नात वाजवू नका."

"ते सांगायला पापनाशमहून आलीस? मी वाजवणार नव्हतेच."

"तसं नाही. टीचर, मला नाही म्हणायचंय."

"कुणाला?"

"सगळ्यांना. पास्टर ऐया विचारतात ना, संमती आहे का, तेव्हा. घरी म्हणून बघितलं. अप्पा रडतात. अप्पा रडले की मी गप्प होते." मग जरा थांबून म्हणाली, "वाजायला लागलं ना टीचर, की माझे पाय आपोआप चालतात. सवय आहे. शांत असलं तर मी तिथं जाऊन नाही म्हणेन. मला माहीत आहे, म्हणेन."

टीचरनी ऑर्गनचं झाकण खाली ओढलं. मग म्हणाल्या, "झाकण लावून ठेवीन. किल्ली माझ्याकडे असते. पुढचं तुझं तू."

मी फडकं धरून बसलो होतो. टीचरना मी तिथं असल्याचं ठाऊक होतं, त्यांनीच तर बसवलं होतं. एस्तरला नसावं, असं मी धरून चाललो.

दहा-बारा दिवसांनी सेक्रेटरींनी मला घरी बोलावलं. ब्रेड-ऑम्लेट, कॉफी. टेबलावर खोका. सिंगापूरहून आलेला कीबोर्ड, हातभर लांब, एक बटण दाबलं की ड्रम, दुसरं दाबलं की व्हायोलिनं.

"वाजवून बघ, रायर तंबी."

मी बोट ठेवलं. असा आवाज मी फक्त कॅसेटमध्ये ऐकला होता.

"तूच ठेव. आमच्याकडे कोण वाजवणार? लग्नाच्या दिवशी तेवढं नवरीचं संगीत वाजव, बस्स."

"टीचर..."

"टीचरचं वय झालं. आणि त्यांचा नियम आमच्या माणसांना. तू कुठं आमच्यातला? तुला काय रे, तू रायर. वाजवायचं आणि जेवून जायचं."

हे शेवटचं वाक्य मी घट्ट धरलं. मी त्यांच्यातला नव्हतो. त्यांचं लग्न, त्यांचा देव, त्यांची भांडणं. मला खोका दिसत होता आणि ऑर्केस्ट्रातली जागा दिसत होती. घरी आईनं विचारलं, कुणी दिला? मी म्हणालो, आपणहून दिला.

लग्नाच्या सकाळी टीचर आल्या. स्टुलावर बसल्या, हात मांडीवर. डाव्या बाजूला त्यांचा बंद ऑर्गन आणि उजव्या बाजूला दोन काळ्या स्पीकरांच्या मधे मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान परत सरळ केली. एस्तर वडिलांच्या हाताला धरून दारात आली. पांढरी साडी, डोक्यावर जाळी. मी सुरू केलं. ड्रमसुद्धा लावला, सेक्रेटरींनी तसं सांगितलं होतं. एस्तर उंबऱ्यात थांबली. इतकी थांबली की मला पहिल्या ओळी पुन्हा वाजवाव्या लागल्या. तिनं आत, आमच्या दिशेनं पाहिलं. मला वाटलं, टीचरकडे पाहतेय. मी आवाज वाढवला. मग तिचे पाय चालू लागले.

पास्टरांनी विचारलं. ती संमती आहे म्हणाली. ती म्हणाली हे मी ऐकलं नाही, स्पीकर अजून गुंइं करत होते.

बाहेर कडुलिंबाखाली मी खोका बांधत होतो. टीचर आल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खोक्याकडे बोट केलं.

"रायर, एवढ्यालाच गेलास?"

मी खोक्याची गाठ आवळली.

"छान वाजवलंस," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही." आणि घड्याळाला किल्ली देत निघून गेल्या. माझ्याशी बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य ते.

पुढं काय झालं ते सांगताना माझं रक्त अजून तापतं. कमिटीनं ऑर्गन 'दुरुस्तीसाठी' बाजूला काढायचा ठराव केला. दुरुस्ती म्हणजे खुर्च्यांच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली. झाकणाची किल्ली टीचरकडे राहिली, झाकण राहिलं नाही. ओट्यावर येणारे बाप बंद झाले. ढकलायला नावच उरलं नव्हतं, कारण कीबोर्ड कुणालाही वाजतो. फ्रीज आले, मोटारी आल्या, मागणारे वेदीसमोर पहिल्या रांगेत बसू लागले. आणि त्याच वर्षी त्याच चर्चच्या पटांगणात मांडव घालून तरुणांचं शिबिर भरलं : समाजात नैतिक मूल्यं कशी रुजवावीत. अध्यक्ष, सेक्रेटरी. मधाळ आवाजात ते तासभर बोलले. कुटुंब, त्याग, साधी राहणी. पास्टरांनी आभार मानले. टाळ्या पडल्या. मूल्यं रुजवणारी बाई दोन रस्ते पलीकडे आपल्या ओट्यावर बसून वह्या तपासत होती, तिला आमंत्रणाचं कार्डसुद्धा नव्हतं. मला हे इतकं नेमकं कसं ठाऊक? त्या मांडवात स्वागतगीताला कीबोर्ड मीच वाजवला.

मला त्या सेक्रेटरीचा राग येतो, पण तो सोपा राग आहे. त्याहून जास्त पास्टरांचा येतो. त्यांना सगळं कळत होतं आणि ते मनं जिंकत बसले. चर्चला घंटा होती, वेदी होती, शंभर वर्षांचा मान होता. पण त्या सगळ्याचं वजन एका काटकुळ्या बाईनं दोन हात मांडीवर ठेवून पेललं होतं. पास्टरांनी फक्त तिच्या शेजारी बसायला हवं होतं. तेवढंही कुणाला जमलं नाही.

टीचर मयताला जात राहिल्या. ऑर्गन नाही म्हणून नुसत्या गळ्यानं म्हणायच्या, घोगऱ्या, किंचित बेसूर. त्यांना पूर्वी कुणी विचारलं होतं, की लग्नाला अटी घालता, मयताला का नाही? म्हणाल्या होत्या, "मेलेलं माणूस कुणाकडे काही मागत नाही. त्याच्याबरोबर चार पावलं चालायला मला लाज वाटत नाही."

ऑर्केस्ट्रा मी दोन वर्षांत सोडला. बँकेची परीक्षा दिली, गाव सोडलं. टीचर गेल्याचं कळलं तेव्हा मी सुट्टीवर तंजावूरलाच होतो. चर्चमध्ये नवं रंगकाम, नवे स्पीकर. एक तरुण मुलगा कीबोर्डवर टीचरच्या आवडीचं गीत वाजवत होता, ड्रम न लावता, देव त्याचं भलं करो. मी मागच्या बाकावर बसलो. माझ्या पुढच्या बाकावर पिकल्या केसांची एक बाई गात होती. खालच्या पट्टीचा आवाज ऐकला आणि मी ओळखलं, एस्तर.

एस्तरचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत आलं होतं. मोटारीनंतर मद्रासच्या घरासाठी मागणी झाली. पॉइंट्समनजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. मुलगी कडेवर घेऊन ती पापनाशमला परत आली, ती तिथल्या शाळेत शिकवायला लागली. म्हातारा शेवटपर्यंत एका भातगिरणीवर पहारा करत होता. लोक म्हणतात, बरी सुटली. तंजावूरच्या चर्चमध्ये मात्र ती त्यानंतर पहिल्यांदा आली ती टीचरना पोचवायला.

दफन झाल्यावर कडुलिंबाखाली मी तिला गाठलं. नाव सांगितलं नाही, 'रायर' एवढंच म्हणालो. तिनं ओळखलं. मी जे आयुष्यभर कुणाला बोललो नव्हतो ते बोललो. तमिळमध्ये, खाली बघत. "त्या शनिवारी तुम्ही टीचरशी बोललात ना, मी ऑर्गनच्या मागं होतो. मी सगळं ऐकलं होतं. ऐकूनही वाजवलं."

"ठाऊक आहे," एस्तर म्हणाली. आवाज चढला नाही, थरथरला नाही. "दाराशी तुझ्या चपला होत्या. हिरवी सुतळी."

तिनं छत्री उघडली, मग पुन्हा मिटली.

"उंबऱ्यात मी थांबले होते ना," ती म्हणाली, "ते टीचरकडे बघायला नाही. त्यांचं झाकण बंद असणार, ते मला माहीतच होतं. मी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, याला ठाऊक आहे. हा आता हात उचलेल."